आधीच बांधलेला मुद्देमाल

भरतीची जाहिरात निघाली आणि रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी दिसू लागली, की मला ते प्रकरण हटकून आठवतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले, आणि त्यातलं पुष्कळसं आता विसरलो. हे एक किरकोळ केबलचोरीचं प्रकरण मात्र मनातून जात नाही. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. मोताळ्याच्या बाजूचं एक ठाणं होतं आणि मी तिथला ठाणेदार होतो, एवढं पुरे.

हा ‘ठाणेदार’ शब्द सरकारी आदेशात शोधू नका. तिथे मी पोलीस निरीक्षक. पण आमचा वऱ्हाड एके काळी नागपूरकडच्या जुन्या प्रांतात होता, तेव्हाचा हा शब्द. प्रांत गेला, राज्य बदललं, खातं महाराष्ट्र पोलीस झालं, तरी लोकांच्या तोंडातला ठाणेदार काही गेला नाही. पुण्याकडून बदलून आलेले अधिकारी हा शब्द ऐकून आधी हसतात, आणि वर्षभरात फोनवर स्वतःच ‘ठाणेदार बोलतोय’ म्हणायला लागतात.

पोलीस भरतीत निवड झाली म्हणजे नोकरी लागली, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. मैदानी झाली, लेखी झाली, वैद्यकीय झाली, तरी चारित्र्य पडताळणी राहते. मुंबईला महासंचालक, अमरावतीला परिक्षेत्राचे महानिरीक्षक, बुलढाण्याला अधीक्षक, मग उपविभागीय अधिकारी, मग ठाणं, ठाण्याखाली बीट आणि बीटच्या टोकाला गावचा पोलीस पाटील. एवढी मोठी शिडी. पण उमेदवाराला घ्यायचं की नाही, हे शेवटी बीट हवालदार गावात जाऊन जी एक ओळ लिहून आणतो तिच्यावर ठरतं. ‘सदर उमेदवाराविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही.’ ही ओळ नसेल, तर वरचे सगळे हात टेकतात.

त्या वर्षी आमच्या हद्दीतल्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याची मुलगी शिपाई म्हणून निवडली गेली होती. बाप वांगी, मेथी पिकवून आठवडी बाजारात बसायचा. तिची पडताळणी माझ्या टेबलावर होती आणि हवालदार एक-दोन दिवसांत गावात जाणार होता.

त्याच सुमारास विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला जाण्याचा सुळसुळाट झाला होता. शेतकरी ठाण्यावर येऊन बसले होते. उपविभागीय अधिकारी रोज फोन करून विचारायचे, ‘एखादा तरी गुन्हा उघडकीस आला का?’ मी रोज ‘तपास चालू आहे’ म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडायचो.

अशात एका सकाळी, हजेरी नुकतीच झाली होती, ठाण्याच्या जुन्या फोनवर खबर आली. त्या फोनवर नंबर दिसत नसे, आणि बोलणाऱ्याने आवाजही बदललेला होता. ठाणे अंमलदाराने ऐकलेलं मला जसंच्या तसं सांगितलं. ‘भरतीत लागलेल्या पोट्टीच्या गोठ्यात, कुटाराच्या ढिगाखाली केबल हाये. तिनंच आणली. पंच घेऊनच या, मुद्देमाल मिळते.’ आणि फोन बंद.

पंच शोधायला आम्हाला कधी लांब जावं लागत नसे. लोक पंच व्हायला नाखूश असतात, कोर्टाच्या खेपा कोण घालणार? पण ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ बसलेले असत, ते बोलावण्याची वाटच पाहत. योगायोगाने त्याच गावचे. आयुष्यभर इतक्या पंचनाम्यांना हजर राहिले होते, की लिहिणारा अडखळला तर पुढचं वाक्य तेच सांगत. जप्तीच्या मालाला सुतळी बांधायची असली की हात लावू लागत. आम्ही गमतीने त्यांना पंचसाहेब म्हणायचो. ते आणि आणखी एक जण, असे दोन पंच घेऊन आम्ही निघालो.

गोठा उघडाच होता. कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, बाजूला केलं आणि खाली केबलचं भेंडोळं मिळालं, एका जुन्या ट्रॅकसूटच्या जॅकेटमध्ये गुंडाळलेलं. मुलगी अंगणात उभी होती. तिचा चेहरा उतरला.

“हे जॅकेट कुणाचं?” मी विचारलं.

“मायंच हाये साहेब,” ती म्हणाली. “केबल मायी नाही.”

पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या, आणि तिला घेऊन आम्ही ठाण्यात आलो. महिला शिपायाला तिच्याजवळ बसवलं. हवालदार खुशीत होता. ‘साहेब, मुद्देमाल मिळाला, जॅकेट तिचं, ते तिनं कबूल केलं. घ्या नाव, करा गुन्हा उघड.’ कागदावर सगळं जुळत होतं. खरं सांगायचं तर मलाही उपविभागीय अधिकाऱ्यांना फोन करायचा मोह झाला.

“साहेब,” ती मुलगी म्हणाली, “गुन्ह्यात नाव आलं तर मायी नोकरी गेली न?”

उत्तर हो होतं, आणि तिलाही ते माहीत होतं.

तेवढ्यात तिचा बाप आला. बाजारातून तसाच धावत आला होता, धोतराला मेथीची पानं चिकटलेली. आल्या आल्या माझ्या टेबलाला हात लावून म्हणाला, “साहेब, माल म्या आणला. मले आत टाका. पोरीचं नाव नका लिहू.”

“कोणत्या विहिरीवरून आणला?”

तो मुलीकडे पाहू लागला.

“कशानं कापला?”

“कोयत्यानं,” तो म्हणाला. केबलची टोकं करवतीने कापलेली होती.

“बाबा,” मी म्हटलं, “खोटं बोलता येत नाही तुम्हाला. बाहेर बसा आणि पाणी प्या.” रागही आला आणि कीवही आली. वीस-पंचवीस वर्षं नोकरी करूनसुद्धा बापाचं असलं खोटं ऐकायची सवय होत नाही.

मी भेंडोळं हातात घेऊन पाहत बसलो. एक गोष्ट खटकत होती. केबल चोरणारा ती अशी जपून ठेवत नाही. जाळतो. वरचं प्लास्टिक गेलं की आतलं तांबं भंगारात जातं, मग ते कुणाचं हे कुणी सांगू शकत नाही. ही केबल जशीच्या तशी होती. तक्रारदार शेतकऱ्यांना दाखवायला बोलावलं, तर पहिला म्हणाला माझीच, दुसराही म्हणाला माझीच, आणि दोघांचं ठाण्यातच जुंपलं. तुमच्या केबलला ओळखीचा जोड कुठे आहे विचारल्यावर दोघेही छताकडे पाहू लागले.

मग मी जॅकेटकडे वळलो. मुलीला विचारलं, हे शेवटचं कधी घातलं होतं?

“मी नाही घालत आता. मैत्रिणीले देल्लं होतं. आम्ही दोघी संगंच पळायचो न. तीपण होती भरतीत. तिचं नाव प्रतीक्षा यादीत हाये.”

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. दोघींचा प्रवर्ग एक, गाव एक, आणि यादीत ही गळली की नंबर त्या मैत्रिणीचा. म्हणजे कारण मिळालं. ती मैत्रीण कोण, हे विचारल्यावर मात्र मी जरा सावरून बसलो. ती आमच्या पंचसाहेबांची मुलगी होती.

तिला बोलावून घेतलं. बारीक चणीची, तोंडावर दमल्याची कळा. जॅकेट समोर ठेवलं आणि तुझ्याकडे होतं का विचारलं. मला वाटलं, आता नाही म्हणेल.

“हाव साहेब, मायाजवळच होतं,” ती लगेच म्हणाली. “धुऊन दोरीवर टाकलं होतं. मंग सापडलंच नाही. काऊन, काय झालं?”

चोरी करणारा माणूस ‘मले माहीत नाही’ने सुरुवात करतो. ही पोरगी स्वतःच्या गळ्यात स्वतःच्या हाताने दोर घालत होती आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. मी तिला घरी पाठवलं. हवालदार कुरकुरला. मी म्हटलं, कुरकुर नंतर, आधी चहा सांग.

चहा आला आणि त्याच्या मागोमाग आमचे मोहरर आले. मोहरर म्हणजे ठाण्यात जप्तीचा माल ताब्यात ठेवणारे कर्मचारी. हातात सुतळी, लाख, लेबल. भेंडोळ्याकडे पाहिलं आणि एकदम फणकारले. “साहेब, माझ्या आधी हे कोणी बांधलं? बांधलं ते बांधलं, लेबल कोण लावणार?”

“कुणी नाही बांधलं,” मी म्हटलं. “गोठ्यातून निघालं तसंच आहे.”

म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं. भेंडोळं उभं-आडवं सुतळीने आवळलेलं होतं. आणि गाठीवर एक बोटभर फास मोकळा सोडला होता. लेबल अडकवायला सोडतात तो. शेतकरी असा फास सोडत नाही, चोर तर नाहीच नाही. हा फास फक्त ठाण्यात सोडतात, आणि ज्याने तो जन्मभर पाहिला त्याच्या हातून सुटतो.

दुपारी मोहररांना मुद्दाम जेवायला पाठवलं आणि पंचसाहेबांना आत बोलावलं. एका भांडणातल्या जप्त काठ्या खाली पडल्या होत्या. मी म्हटलं, “जरा एवढ्या बांधून द्या, मोहरर घरी गेलेत.”

ते खुशीने खाली बसले. उभी सुतळी, आडवी सुतळी, गाठ, आणि वर फास. मी केबलचं भेंडोळं उचलून शेजारी ठेवलं.

त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. “सुतळी तर कोणीबी बांधते साहेब.”

“बांधतं. फास कोण सोडतं?”

त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग म्हणाले, “चोरी नाही केली म्या. केबल मायीच हाये, मायाच विहिरीवरची.”

“आणि फोन?”

“पोट्टी एका गुणानं राह्यली साहेब,” ते म्हणाले. “दोघी संगंच पळे. एकीच्या घरी पेढे वाटले, एक भिंतीकडं तोंड करून निजली. मायाच्यानं पाहवलं नाही.” आणि मग एकदम हात जोडून, “तिले सांगू नका.”

मला राग यायला हवा होता आणि आलाही. भलत्याच्या लेकीचं आयुष्य मातीत घालायला निघालेला माणूस माझ्याच जीपमध्ये बसून, माझ्याच पंचनाम्यावर सही करून आला होता. मी त्यांना तसं सुनावलंही. पण त्याहून मोठी होती ती सुटका. छातीवरचा दगडच उतरला. बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या बाप-लेकीकडे मी गेलो आणि म्हटलं, “जा घरी. तुझं नाव कुठेच येत नाही.” मुलगी रडली नाही. बाप मात्र तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. हवालदाराने त्याला पाणी दिलं. सकाळपासून गुन्हा उघड करायला निघालेला हाच हवालदार, त्याचेही डोळे भरले होते.

खोटी खबर देऊन निरपराध माणसाला अडकवल्याबद्दल पंचसाहेबांवर रीतसर कारवाई केली. त्यांच्याकरता पंच शोधायला मात्र पहिल्यांदाच गावभर फिरावं लागलं, कारण टपरीवरची जागा रिकामी होती.

राहिली पडताळणी. अहवालाला गावातल्या दोघांचे जबाब लागतात. एक पोलीस पाटलांनी दिला. दुसरा द्यायला कुणी तयार होईना. आधी घरात माल सापडलेला लोकांनी पाहिलेला, मग उलटीच कारवाई झालेली, सगळे म्हणू लागले, आपण कशाला भानगडीत पडायचं? मुदत जवळ आली होती आणि बुलढाण्याहून विचारणा सुरू झाली होती. हवालदार दोनदा गावात जाऊन हात हलवत परत आला.

तिसऱ्या दिवशी ती मैत्रीण एकटी ठाण्यात आली. बापाचं सगळं तिला कळलं होतं. डोळे सुजलेले, पण उभी ताठ.

“शेजाऱ्याचा जबाब पाह्यजे न साहेब? माया घ्या.”

“तुला कळतंय ना,” मी म्हटलं, “ती रुजू झाली की तुझी यादी संपली?”

“हाव,” ती म्हणाली. “लिहा.”

हवालदाराने लिहून घेतला. तिला लहानपणापासून ओळखते, वर्तणूक चांगली आहे, असं ठरलेलं सगळं झालं. शेवटी ती म्हणाली, “अजून लिहा. नोकरी तिचीच हाये.” हवालदाराने पेन थांबवला. नमुन्यात असं वाक्य बसत नाही, असं त्याने मला डोळ्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, लिहा.

पोलीस खात्याबद्दल लोक वरच्या शिडीकडे पाहून बोलतात. मी उमेदीचा काळ त्या शिडीच्या खालच्या पायरीवर काढला आणि मला एवढंच कळलं, की माणूस चांगला की वाईट हे वर कुणालाच दिसत नाही. ते दिसायचं असेल तर ठाण्यातच दिसतं, आणि तेही थांबून पाहिलं तर. त्या सकाळी मी फोन करून मोकळा झालो असतो, तर पुढचं काहीच माझ्या नजरेला पडलं नसतं.

जबाब घेतला की तो देणाऱ्याला वाचून दाखवावा लागतो. हे काम हवालदाराचं, पण त्या दिवशी मी कागद स्वतःकडे घेतला आणि पहिल्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत मोठ्याने वाचला. मग नेहमीप्रमाणे विचारलं, तुझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे का?

“बरोबर हाये साहेब,” ती म्हणाली, आणि तिने सही केली.