पाण्यावरची वास्तू

आमच्या विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी रेडिओवर लागली त्या दिवशी वडील गेले. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो.

त्यांचं गाव जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा शहरात येऊन ते कारखान्यात लागले होते. समुद्र चढतोय, किनाऱ्यावरच्या वस्त्या बुडतील, असं मी एकदा मासिकातून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाणी उठलं तर घर बी उठलं पायजे." त्यावरून मी प्रकल्प घेतला: खाडीकाठासाठी तरंगती वस्ती. कारखान्यातले रिकामे ड्रम त्यांनीच मागून आणले.

परीक्षक म्हणाले, "कागदावर सगळंच तरंगतं. एक घर करून दाखवा. माणसं जमल्यावर कललं, तर पुढच्या वर्षी या."

वडिलांच्या पाळीतली माणसं मदतीला आली. नामांतराच्या वादात त्यांच्यातल्या दोघांचं बोलणं तुटलं होतं; त्या दोघांनी एकाच फळीची दोन टोकं धरली. आमच्या बुडालेल्या शिवाराच्या काठाशी त्या ड्रमांवर एका खोलीचं घर पाण्यात उभं राहिलं. आई स्टोव्ह आणि दूध घेऊन आली. नव्या घरात दूध उतू घालायला.

"वहिनी, वर्ष सरलं नाय. दुखवट्यात वास्तू करत्यात व्हय?" एकानं विचारलं.

"जमिनीवर नाय करत. हितं जमीन हाय कुठं?"

स्टोव्ह पूर्वेच्या कडेला मांडला. दूध वर येताच सगळे बघायला तिकडंच सरकले आणि घर कललं. दूध एकाच अंगानं सांडलं. पाहायला आलेल्या परीक्षकांनी शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं.

माणसं जिथं जमणार तिथंच घराचा मध्य हवा, हे मला तेव्हा दिसलं. मी स्टोव्ह मधोमध आणला, उरलेलं दूध चढवलं आणि सगळ्यांना भोवती बोलावलं. परीक्षकांनाही. खांद्याला खांदे लागले. घर जागचं हललं नाही. दूध पातेल्याच्या चारी अंगांनी उतू गेलं आणि फळ्यांच्या फटींतून खाली उतरलं.

"पोचलं गावात," आई म्हणाली.

कुणीतरी शिट्टी मारली. वडील गेल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो. "नकाशातही चूल मधेच घ्या," म्हणत परीक्षकांनी सही केली.

माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नवं नाव होतं. पुढं कोकणातल्या एका खाडीवर माझ्या आराखड्याची वस्ती झाली. मधोमध सगळ्यांचा चौक, भोवती घरं. भरतीला ती सगळी मिळून वर येते.

त्या पहिल्या घराचा एक ड्रम आमच्या दारात आहे. नळाला पाणी येतं त्या दिवशी आम्ही तो भरून ठेवतो.