मानेचं दुखणं नव्हतं ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. पाच वर्षं झाली. आज तुम्हाला सांगायला बसले आहे आणि वाईट वाटण्याऐवजी नुसता संताप होतोय. कुणाचा, ते कळेलच तुम्हाला.

पुण्यात कर्वेनगरला माझं क्लिनिक आहे. मणके आणि सांधे हातानं दाबून, फिरवून मोकळे करायचे, हे माझं काम. कायरोप्रॅक्टिक म्हणतात त्याला. मी एमबीबीएस नाही. तरी पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ आहे, लोकही डॉक्टर म्हणतात, आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलेल्या हिंजवडीच्या आयटीवाल्या मंडळींना काय फरक पडत होता? त्यांची पाठ सुटायची, माझा भाव वाढायचा.

मग मुलींच्या एका कबड्डी संघानं मला बोलावलं. त्यांच्या प्रशिक्षकांना सगळे सर म्हणायचे, मीही. सामन्याआधी मुली माझ्यासमोर रांग लावायच्या. मानेतून कट्‌ असा आवाज आला की हसायच्या. तो आवाज मला आवडायचा — खोटं कशाला बोलू? त्या आवाजानं मी कुणीतरी मोठी असल्यासारखं वाटायचं.

शीतल त्या संघातली सगळ्यात चपळ चढाईपटू. वीस वर्षांची, हिंजवडीपलीकडच्या गावातली. वडील कंपनीची बस चालवायचे. राज्याच्या संघात निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात जायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात असायचं.

एका स्पर्धेचा उपांत्य सामना होता. उत्तरार्धात तिचा घोटा पकडला गेला, ती आडवी पडली आणि दुसऱ्या एका मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. पंचांनी खेळ थांबवला. शीतल उठली — आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागली. मी हाताला धरून तिला खुर्चीवर बसवलं.

‘‘मॅडम, पहिला हाफ संपला का?’’

मी म्हटलं, अगं, दुसरा चालू आहे. तिनं मान हलवली. दोन श्वास गेले असतील नसतील, पुन्हा तेच — ‘‘पहिला हाफ संपला का?’’

मला कळलं होतं. हे नीट ऐका, कारण पुढची सगळी वर्षं मी मनातल्या मनात ‘कळलं नाही’ याच आडोशाला बसले. मेंदूला धक्का बसला की माणूस असंच विचारतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. अशा वेळी मानेला हात लावायचा नाही, मैदानात परत सोडायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं — हेही. स्पर्धेसाठी नेमलेले डॉक्टर सकाळी उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर निघून गेले होते. हार घालून घ्यायला वेळ होता त्यांना! पण रुग्णवाहिका दारात उभी होती. मी नुसता हात वर करायचा होता.

सर धावत आले. ‘‘मॅडम, मान बसवा तिची पटकन. पाच मिनिटं उरलीत.’’

‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? राज्याच्या संघाबरोबर मला नेणार, असं सरांनी आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी शीतलच्या हनुवटीखाली हात घातला आणि मान फिरवली. कट्‌. सर खूश झाले. मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, ‘‘झालं. जा, खेळ.’’

दुसऱ्याच चढाईत ती पुन्हा डोक्यावर आपटली. या वेळी उठली नाही. मॅटवरच उलटी झाली, हातपाय ताठ झाले. मेंदूला सूज होती. अकरा दिवस ती अतिदक्षता विभागात होती.

ती वाचली. पण बोलताना शब्द अडतात, ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा सहन होत नाही, डोकं सतत ठणकतं. खेळ सुटला. पोलिसात जायचंही सुटलं.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही — याच्यापुढे आहे. चौकशी लागली आणि मला लेखी निवेदन द्यायला सांगितलं. त्या दुपारचं शीतलला काहीच आठवत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ते माहीत असूनच मी शांतपणे, चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘खेळाडूस न खेळण्याचा सल्ला दिला होता. तिने हट्टाने ऐकले नाही.’ सरांनी खाली सही केली. चौकशी मिटली. कुणी एका शब्दानं विचारलं नाही, की बाई, मेंदूच्या माराबद्दल सल्ला देणाऱ्या तुम्ही कोण?

महिन्याभरानं तिचे वडील क्लिनिकवर आले. चपला बाहेर काढून आत आले, खुर्चीवर बसले नाहीत. मला वाटलं, आता बोलणार. बोलले, पण काय? ‘‘मॅडम, पोरगी लई हट्टी हाय आमची. तुमचं ऐकाय पायजे हुतं तिनं. तुमाला उगाच ताप झाला. माफी करा.’’

आणि मी म्हणाले, ‘‘असू द्या.’’

असू द्या! त्या माणसाच्या मुलीचं आयुष्य मी मोडलं, आणि वर त्यालाच माफ केलं. सरांना शिव्या घालता येतील, त्या पळालेल्या डॉक्टरांनाही. पण मानेवर हात त्यांचे नव्हते, आणि निवेदनातलं अक्षरही त्यांचं नव्हतं.

आता ती गावातल्या मैदानावर लहान मुलींना शिकवते, काळा चष्मा लावून. संघात नंतर आलेल्या एका मुलीनं परवा कौतुकानं सांगितलं, की शीतलताई प्रत्येक नव्या मुलीला आधी स्वतःची चूक सांगते. मला मॅडम नको म्हणत होत्या, मी हट्ट केला, तुम्ही करू नका — असं, अडखळत, सगळ्यांसमोर.

तिनं हट्ट केला नव्हता. मी पाठवलं, म्हणून ती गेली.