न जुळणारी घडी

मफलर उकळला यात मशीनचा दोष नव्हता, साबणाचा नव्हता आणि पाण्याचा तर मुळीच नव्हता. पाण्याला तापायला लावलं, ते तापलं. दोष होता ढगोबाचा.

ढगोबा हे त्याचं खरं नाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं. त्याची लॉन्ड्री म्हणजे दोन मशीन, चादरी उकळायची एक मोठी टाकी, लांबलचक इस्त्रीचं टेबल आणि वर राहायच्या दोन खोल्या. सकाळी दहाच्या सुमारास दुकान वाफेने भरून जाई आणि त्या वाफेत हा उभा. डोळे उघडे, हात चालू, पण माणूस जागेवर नाही. काउंटरवरून कुणी विचारलं, "शर्ट झाला का?" तर हा आधी "हो" म्हणे, मग शर्ट शोधी, आणि मग त्याला आठवे की शर्ट अजून ओलाच आहे.

त्या मंगळवारी दवाखान्याच्या चादरी टाकीत जायच्या होत्या. चादरींचा ढीग पांढरा, फुगलेला. ढगोबाला तो कुठल्याशा लांबच्या डोंगरावरच्या बर्फासारखा दिसला आणि त्या बर्फातून एक पिवळी पाऊलवाट वळणं घेत चाललेली. पाऊलवाट मोठी छान होती. त्याने पाऊलवाटेसकट डोंगर उचलला आणि टाकीत सोडला.

पाऊलवाट म्हणजे टायपिस्टबाईंचा मफलर. त्याला चिठ्ठी टाचलेली होती, ढगोबाच्याच अक्षरात: 'लोकर. गार पाणी. हाताने.'

पाऊण तासाने दांड्याने चादरी वर काढताना मफलर हाती आला. गळ्याला वेढा घेऊन वर गाठ बसेल एवढा होता तो, आता जेमतेम दीड हात उरला होता आणि पुठ्ठ्यासारखा जाड झाला होता. लोकर एकदा आटली की आटली, हे ढगोबाने वीस वर्षांच्या धंद्यात कितीजणांना समजावलं होतं. तरी त्याने तो ताणून पाहिला.

टायपिस्टबाई कचेरीच्या जिन्याखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करत. मफलर त्यांच्या मुलीने नवव्या वर्षी विणलेला, पाय मोडून महिनाभर पडून होती तेव्हा. क्रोशाने. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं विणकाम आणि शेवटचंही. रंग वाळलेल्या लिंबाच्या सालीचा. आता ती लांबच्या शहरात नोकरीला होती आणि बाई दर थंडीच्या तोंडावर मफलर स्वतः धुवायला घेऊन येत, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवत नसत. या खेपेला म्हणाल्या होत्या, "महिनाअखेर मुलगी येतेय. आली की चप्पल काढायच्या आधी खुंटीवर बघते, आहे ना म्हणून."

शुक्रवारी बाई आल्या. ढगोबाने खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते भलतंच.

"बाई, एक डाग आहे. निघत नाहीये. पुढच्या शुक्रवारी या."

"कसला डाग?"

"चहाचा असेल."

"मी चहा घेत नाही."

"मग कॉफीचा."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "जपून करा हो," म्हणाल्या आणि गेल्या. त्या 'हो'नंतर ढगोबाने वाळलेलाच एक शर्ट पुन्हा पिळायला घेतला.

आता दुसरा मफलर करून देणं आलं. घरात क्रोशे येणारं माणूस एकच, सासूबाई. आणि सासूबाईंशी तो अकरा वर्षं बोललेला नव्हता.

भांडण म्हणाल तर झालेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सासूबाई आपल्या यजमानांची, म्हणजे ढगोबाने कधीच न पाहिलेल्या सासऱ्यांची, एक गोष्ट सांगत होत्या. गोष्ट अगदी रंगात आली आणि जावई घोरला. सासूबाई थांबल्या आणि लेकीला म्हणाल्या, "त्यांना सांग, उरलेली नंतर." ते 'त्यांना सांग' अकरा वर्षं चाललं. ढगोबाची बायको दोघांच्या मधलं टेलिफोन एक्स्चेंज झाली. "त्यांना विचार, मीठ पुरे का." "आईंना सांग, पुरे." आणि तिघं एकाच टेबलाशी बसलेली.

तेव्हा निरोप एक्स्चेंजमधून गेला. सासूबाईंनी आटलेला मफलर मागवला, उलटासुलटा केला आणि लेकीला म्हणाल्या, "त्यांना सांग, दोन दुपारींचं काम आहे. लोकर आणा."

ढगोबाने बाजारात पाच दुकानं पालथी घातली. पिवळी लोकर होती, सोनेरी होती, वाळलेल्या लिंबाची कुणी ठेवत नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच ट्रंकेतून आपला जुना स्वेटर काढला, नेमका त्याच रंगाचा, आणि कुणाला काही न विचारता डावी बाही उसवायला घेतली. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी झालेली. ढगोबाने तिच्या लड्या केल्या, वाफ देऊन देऊन सरळ केल्या. एवढं काम मात्र त्याने जागेपणी केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीतभर पट्टी तयार. रेघ आखल्यासारखी. ढगोबाने सवयीने तिची घडी घातली आणि तो थबकला.

"घडी जुळतेय," तो म्हणाला. "चालायचं नाही."

"का म्हणून?" सासूबाई म्हणाल्या.

दोघंही थेट बोलले होते. बायकोने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि उठून चहा टाकायला गेली. एक्स्चेंज बंद झालं.

"नऊ हिवाळे मी त्या मफलरची घडी घातलीय," ढगोबा म्हणाला. "एकदाही कडा जुळल्या नाहीत. एक टोक रुंद, एक अरुंद. बाईंना हातात घेतल्याबरोबर कळेल."

सासूबाईंनी आटलेला तुकडा पुन्हा घेतला आणि डोळे मिटून कडेवरून बोटं फिरवली. "हं. शेवटचा खांब, म्हणजे कडेचा उभा टाका, सोडलाय पोरीने. ओळ संपली असं वाटतं, पण कडेला एक खांब लपून राहतो. नवशिक्याला दिसत नाही. दर दोनचार ओळींनी एक गळत जातो आणि मफलर आपला निमुळता." त्यांनी पट्टी एका झटक्यात उसवून टाकली. "मग हे माझ्याच्याने व्हायचं नाही. माझे हात आता चुकत नाहीत. याला अगदी न येणारं माणूस हवं." आणि त्यांनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आहे म्हणा घरात."

दुपारी दोन ते चार दुकानाचं शटर अर्धं खाली असे. त्या फटीतून उन्हाचा एक पट्टा आत येऊन इस्त्रीच्या टेबलावर पडे. सासूबाई खुर्चीवर, ढगोबा धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर. सुई एकच, तिच्या टोकाला बारीकसा आकडा. आकड्याने लोकर पकडायची, आधीच्या फासातून ओढायची, की झाली साखळी. चोवीस साखळ्या म्हणजे मफलरची रुंदी. मग त्या साखळ्यांवर खांब उभे करायचे, ओळ संपली की तीन साखळ्या घालून वळायचं. त्या तीन साखळ्या म्हणजेच पुढच्या वेळचा तो लपणारा खांब.

ढगोबाची पहिली साखळी इतकी घट्ट झाली की सुई आत शिरेना.

"जावईबापू, लोकरीला फाशी देताय की विणताय?"

"निसटेल म्हणून घट्ट धरली."

"निसटू दे. ती कुठं जाणारेय?"

उसव, पुन्हा घाल. उसव, पुन्हा घाल. तिसऱ्या दुपारी ओळ चालू लागली आणि ढगोबा तिच्यासोबत चालू लागला. लोकर बोटावरून सरकत यायची आणि त्याला वाटायचं, आपण विणत नाही, कुणीतरी पलीकडून ही वाट पाठवतंय आणि आपण फक्त ती अंथरतोय. पट्ट्यातल्या उन्हात लोकरीचे बारीक तंतू तरंगत, ताऱ्यांसारखे, पण आळशी तारे. टाकीतलं पाणी निवताना बारीक आवाज करी. तो खांब मोजायला लागे आणि अकरापाशी कुठेतरी दुसऱ्याच गावी निघून जाई. एका अशा गावी, जिथे घरांना भिंतीऐवजी जाळी आहे आणि लोक एकमेकांच्या खिडक्यांतून आपापली सुई ओढून घेताहेत. परत येई तोवर ओळ संपलेली आणि शेवटचा खांब गळलेला. चोवीसाचे तेवीस, तेवीसाचे बावीस.

"सुरेख," सासूबाई मापून म्हणत. "किती वाईट आलंय."

पुढचेही दोन शुक्रवार डागाच्या सबबीवर निघाले. बाई "बरं" म्हणून परत जात आणि जाताना मुलगी येण्याचे दिवस बोटांवर मोजत.

तिसऱ्या आठवड्यात, मफलर दोन तृतीयांश झाला असताना, सासूबाई सहज म्हणाल्या, "उरलेली गोष्ट सांगू? हात गुंतलेत तर झोपणार नाही तुम्ही."

गोष्ट अशी होती. सासरे पाण्याच्या टाकीवर राखणदार. टाकी टेकडीवर. संध्याकाळी पाचला काम सुटायच्या आधी ते खिशातल्या आरशाने ऊन पकडत आणि त्याचा कवडसा थेट आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाडत. कवडसा दिसला की सासूबाई चहाचं आधण ठेवत. कवडसा असा नाचायचा, असा नाचायचा की भांड्यांवर उडायचा, मांजर त्याच्यामागे धावायची.

"इथवर ऐकलंय मी," ढगोबा म्हणाला.

"पुढं ऐका. एकदा त्यांना ताप आला. घरीच होते. समोर बसून चहा पिताहेत आणि पाचला भिंतीवर कवडसा."

ढगोबाची सुई चालूच होती. "मग तो कुणाचा?"

"बदली माणसाचा. हे त्याला सांगून आलेले, पाचला त्या भिंतीवर उजेड पाड, नाहीतर आमच्या घरात चहा होत नाही."

"तुम्हाला कळलं कसं, तो त्यांचा नव्हता ते?"

"नवरा समोर बसलेला. कळायला काय अक्कल लागते?" सासूबाई हसल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण समोर नसते ना, तरी कळलं असतं. त्या माणसाचा कवडसा जागच्या जागी उभा होता. सांगितलेलं काम करत होता बिचारा."

उन्हाचा पट्टा टेबलावरून उतरून जमिनीवर आला होता. ढगोबाने खाली पाहिलं. गोष्ट ऐकता ऐकता बारा ओळी झाल्या होत्या आणि बारांमध्ये एकही खांब गळला नव्हता. सोळा म्हणजे सोळा. कड सरळ.

त्याने त्या उसवल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा सरळ. मग ठरवून शेवटचा खांब सोडला, दर तीन ओळींनी, मोजून. कडेला नीट पायऱ्या पडल्या, जिन्यासारख्या.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"चूक केली."

"ही चूक नाही, नक्षी झाली. उसवा."

तोही भाग उसवला. शुक्रवारपर्यंत मफलर कसाबसा पुरा झाला. खालचा भाग वेडावाकडा, वरचा सरळ. बाहीची लोकर नेमकी पुरली, वर बोटभर धागा राहिला. मफलर नवा होता, नऊ वर्षांच्या मुलीचा वाटावा इतका वाईट नव्हता आणि चांगला म्हणावा असाही नव्हता. उद्या मुलगी येणार होती. त्या सकाळी दुकानात वाफ नेहमीसारखी भरली, पण ढगोबा त्या दिवशी कुठंच गेला नाही. काउंटरपाशी उभा राहून दाराकडे बघत होता.

बाई आल्या. ढगोबाने दोन्ही मफलर त्यांच्यापुढे ठेवले.

"डाग नव्हताच बाई. मी उकळला. हा तुमचा. आणि हा मी केला, तुम्हाला कळू नये म्हणून."

बाईंनी आटलेला तुकडा उचलला. बाजूच्या मशीनने एक फेरी पुरी केली, थांबली, उलटी फिरू लागली. मग त्यांनी नवा उघडला, रुंद टोकापासून कडेने बोट सरकवत गेल्या आणि दोन तृतीयांशावर थांबल्या.

"इथपर्यंत मला पटलं असतं," त्या म्हणाल्या.

"हो. पुढं मला यायला लागलं."

"तिलाही आलं असतं. पाय बरा झाला आणि तिने सोडून दिलं." त्यांनी नवा मफलर घडी करून, म्हणजे कडा न जुळवताच, त्याच्याकडे सरकवला. "हा तिचा नाही. तुमचा आहे, तुमच्याकडे ठेवा."

"मुलीला काय सांगाल?"

"आटला म्हणून सांगेन. तुम्ही पहिल्याच शुक्रवारी सांगितलं असतं, तर उद्या दारातच सांगायची पाळी आली नसती माझ्यावर." आटलेल्या तुकड्याची त्यांनी दुहेरी घडी केली, तळहाताने दाबून पाहिली. "जाड झालाय. टाइपरायटरखाली बसेल. घरी काम नेलं की खालचे भाडेकरू टकटकीला कुरकुरतात." दारापाशी जाऊन वळल्या. "साड्या पुढच्या आठवड्यात आणते. लोकरीचं मात्र मी घरी धुईन."

ढगोबाने मान डोलावली. याहून स्वस्तात सोडा म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

वर गेला तेव्हा सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. थंडी पडली होती आणि त्यांनी तोच स्वेटर घातला होता, उजवा हात लोकरीत, डावा खांद्यापासून उघडा. मुद्दामच घातला होता, अशी ढगोबाला शंका आली. त्याने मफलर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी काही न विचारता तो घेतला आणि उघड्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत गुंडाळला.

"ऊब आहे," म्हणाल्या. "पण बाही नव्हे ही."

"मग हाच उसवतो. बाही करून देतो."

"हा उसवायचा नाही. दुसरी लोकर आणा."

"आई, तो रंग मिळत नाही हो. पाच दुकानं झाली."

"मग सहावं बघा. बाही सोपी असते. खांद्याशी रुंद, मनगटाशी निमुळती. ते तर तुम्हाला येत होतं."

"आता नाही ना येत."

"ते माझ्या बाहीला नका सांगू," सासूबाई म्हणाल्या आणि मफलरचं सुटलेलं टोक दंडापाशी खोचून खिडकीबाहेर बघू लागल्या.

सहावं दुकान झालं, सातवं झालं. थंडी सरत आली. बाही अजून व्हायचीच आहे.