कपकेकनंतर ताक

आमच्या घरात कपकेक खाल्ल्यावर ताक प्यायची पद्धत आहे. नवीन पाहुणे हसतात. मग एक घास खातात आणि तांब्या कुठे आहे ते विचारतात!

ही पद्धत माझ्यामुळे पडली. म्हणजे माझ्या एका शब्दामुळे. पण आधी आत्तींबद्दल सांगायला हवं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. दर मे महिन्यात माझ्या दोन्ही नणंदा, गडहिंग्लजच्या आक्का आणि इचलकरंजीची सुमन, पोरांसकट कोल्हापुरात यायच्या आणि आत्ती आठवडाभर स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या नाहीत. आत्ती दिवाळीच्या आधी गेल्या. तेव्हापासून मामांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. पाणीसुद्धा बाहेर बसून मागायचे. बोलणं तर "हं" आणि "बरं" एवढ्यावर आलं होतं. (एरवी मामा गॅलरीत बोलले की खालचा दूधवाला "व्हय जी!" म्हणायचा.)

एप्रिल संपताना मी आक्कांना फोन केला. "कधी येताय?"

"आता आई न्हाय. यून काय करायचं, मीना?"

हे मला फार लागलं. घर तेच, मामा तेच, मी तर वीस वर्षं तीच! पण आक्कांचं तरी काय चुकलं? त्या काही मला भेटायला येत नव्हत्या. आईला भेटायला यायच्या, मी वाटेत दिसायचे. यंदा आल्या नाहीत तर पुढच्या वर्षी त्यांना विचारायला माझी जीभही उचलणार नाही, हे मला कळत होतं. आणि मामांकडे बघवत नव्हतं.

"तुम्ही या तर! मी बघते काय करायचं ते," मी फोनवर जोरात म्हणाले आणि फोन ठेवल्यावर घाबरले.

कारण आत्तींचा कुठलाही पदार्थ करायची सोय नव्हती. खीर केली तर "आईची दाट असायची", आंबोळ्या केल्या तर "आईच्याला जाळी पडायची". (पडायचीच. माझ्या आंबोळीला फार तर भोक पडतं.) म्हणून ठरवलं, आत्तींनी आयुष्यात कधी केलंच नाही असं काहीतरी करायचं. फळं भरलेले कपकेक! तुलनाच नको.

पहिल्या खेपेचे कपकेक वाटीतून निघाले नाहीत. दुसऱ्या खेपेचे निघाले, पण नवऱ्याने एक खाऊन विचारलं, "इडली काय?" फळांचं सारण मात्र झकास जमलं. जोतिबाकडच्या बायका टोपलीतून करवंदं विकायला येतात, ती घेतली, एकेक बी काढली (बोटं काळीनिळी!), हापूसच्या फोडींबरोबर साखरेत आटवली. झालं ते जॅमइतकं घट्ट नव्हतं आणि मुरांब्यासारखं पाकात नव्हतं. माझं माहेर पुण्याचं. आमच्या घरी अशा कुठल्याही वाटलेल्या, घोटलेल्या गोडाला बिनदिक्कत चटणी म्हणतात. मीही मनात त्याला चटणीच म्हणत होते. वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवली.

आता कोल्हापुरात चटणी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे चटणी एकच. मिरच्या नि मसाले डंकाच्या यंत्रावर कुटून, त्यात कांदा-लसूण घालून वर्षभरासाठी केलेलं लालभडक तिखट! आमटीत चटणी, भाजीत चटणी, मटणात तर विचारूच नका. आत्तींनी शेवटची केलेली चटणी एका छोट्या बरणीत उरली होती. मी ती वरच्या फळीवर ठेवली होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. ती संपली की आत्तींच्या हातचं घरात काही उरणार नव्हतं. सुमनने फोनवर हळूच विचारलं होतं, "वैनी, आईची चटणी शिल्लक हाय न्हवं?"

"आहे की. दोघींना वाटून देणार आहे जाताना."

ती म्हणाली, "मग येतोय आमी."

तर त्या दिवशी सकाळी सुमन पोरीला घेऊन आधी आली आणि पडल्या पडल्या झोपली. आक्का संध्याकाळच्या गाडीने येणार होत्या. मी निवांत पीठ भिजवलं, सोडा घातला, ओव्हन तापत ठेवला, आणि फोन वाजला. "मीना, लौकरची गाडी गावली बग. आमी स्टँडवर उतरलोय. ऊन लई हाय!"

नवरा कामावर. मी स्कूटर काढली. स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं की सोडा घातलेलं पीठ तसंच बसलंय! त्या हॉर्नच्या कल्लोळात मी घरी फोन लावला. मामांनी उचलला.

"मामा, जरा स्वयंपाकघरात जाता का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बोल."

"ट्रेमध्ये कागदाच्या वाट्या मांडल्यात. अर्ध्या वाटीपर्यंत पीठ घाला, त्यावर एकेक चमचा चटणी, वर परत पीठ. आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवा, घंटी वाजली की काढा."

"चटणी?"

"हो, चटणी!"

"गोड पिठात?"

"अहो, त्यातच तर गंमत आहे!"

"पोरास्नी सोसंल व्हय?"

"पोरांसाठीच तर सगळं चाललंय, मामा!"

"घरातलीच घालू न्हवं?"

"घरातलीच की! विकतची कशाला?"

"बरं. जरा जराशी घालतो."

"जराशी नको! भरपूर घाला. हात आखडला तर चव लागत नाही."

मामा म्हणाले, "बरं, पोरी." आवाज जरा भरल्यासारखा होता. मी म्हटलं, उन्हाने बसला असेल.

आक्का मागे बसल्या, त्यांचा कॉलेजातला विकी बॅगा घेऊन रिक्षाने आला. जिन्यातच खमंग वास आला. आक्का थांबल्या. "मीना, मटणाचा बेत हाय व्हय?"

"शेजारी असेल," मी म्हणाले. (आमच्या शेजारी बुधवार, शुक्रवार, रविवार आणि कुणीही आलं की मटण असतं.)

दार उघडलं तर मामा स्वतः ताट घेऊन उभे! ताटात कपकेक. फुगलेले, सोनेरी, माझ्या हातून आजवर न झालेले. दिवाळीपासून पहिल्यांदा मामा असे पाय रोवून उभे होते. मला इतका आनंद झाला की चव बघायचं भानच राहिलं नाही. मी ऐटीत म्हणाले, "आक्का, घ्या! आत फळं आहेत. जरा वेगळं केलंय."

पहिला घास विकीचा. हा मुलगा तांबडा रस्सा वाटीने पितो असं आक्का चारचौघांत सांगतात. तो चावला, थांबला आणि भिंतीकडे बघत राहिला. कोल्हापुरात "तिखट लागलं" म्हणणं म्हणजे कुस्तीत पाठ टेकणं! त्याचे कान लाल झाले, पण तोंडातून शब्द नाही.

"कसा आहे रे?"

"भारी हाय, मामी," तो म्हणाला आणि मोरीकडे पळाला.

सुमनच्या परीला असली काही लाज नव्हती. तिने जो सूर लावला, तो ऐकून खालचा दूधवाला "काय झालं जी?" म्हणत वर आला. सुमनने त्यालाही एक कपकेक दिला. (माणुसकी म्हणून!) तो खाऊन "येतो" म्हणाला आणि किटली विसरून गेला. मी घाईघाईने माझा तोडला. आत लालभडक! जिभेवर आधी साखर आली, मग लसूण, आणि मग डोळ्यांपुढे काजवे!

"मामा! काय घातलंत?"

"चटणी. तूच म्हणालीस की! भरपूर घाल म्हणालीस, हात आखडू नको म्हणालीस."

मी स्वयंपाकघरात धावले. फ्रिजमध्ये करवंदाची वाटी जशीच्या तशी. ओट्यावर आत्तींची बरणी, रिकामी. चमचा आत फिरवून पुसून घेतलेली.

दोन लेकींना वाटून द्यायची आईची चटणी मी कपकेकमध्ये भाजून काढली होती. बाहेर येऊन कसं सांगू? बरणी हातात घेऊन नुसतीच उभी राहिले. आक्कांनी बरणी बघितली, हातातला कपकेक बघितला. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते.

"आईची?"

मी मान हलवली. आता या बॅग उचलणार, मला वाटलं.

मामा खुर्चीत बसले होते. "मला वाटलं, हिनं ठरवूनच सांगितलं. पोरी आल्यात, आईच्या हातचं कायतरी तोंडाला लागंल. बरणी उघडवंना मला. पर ही म्हणाली भरपूर घाल. मग घातलो."

आक्कांनी दुसरा कपकेक उचलला.

"आक्का, अहो, नका! पोटाला..."

"गप बस. आईची हाय, टाकतोय व्हय?"

मग सुमनने घेतला. मग मामांनी. तिघंही रडत होती, खात होती आणि एकमेकांना "तिखटानं" असं सांगत होती. मीही रडले. माझं खरंच तिखटानं होतं, निदान सुरुवातीला. विकीने ताकाचा तांब्या आणला, परी फ्रिजमधली करवंदाची वाटी मांडीवर घेऊन चाटत बसली. सगळे कपकेक संपले. मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "आणि एक आसंल तर बग की!" आणि खालून दूधवाला सवयीने ओरडला, "व्हय जी!"

ताट पुसताना आक्का म्हणाल्या, "मीना, उद्या मिरच्या आणूया. चटणी करूनच जातो आमी. पुढच्या मे महिन्याला लागंल न्हवं ह्या केकास्नी?"

पुढच्या मे महिन्याला! मी मोरीत जाऊन पुन्हा एकदा तोंड धुतलं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या येतात, आणि सगळ्या पै-पाहुण्यांत "मीनाचे कपकेक" गाजतात. आता चटणी आक्कांची, भरतात मामा, ताक सुमनचं. त्यात माझा म्हणून एकच शब्द आहे, आणि तोही चुकलेला!