सर्विस कोणाची

अमरावतीच्या आमच्या डेस्कवर टेनिसची भाषा ठरलेली आहे. खेळाडू आपली सर्व्हिस राखते, गमावते, नाहीतर समोरचीची भेदते. जी परतवता येत नाही ती बिनतोड सर्व्हिस. दोन्ही प्रयत्न फसले की दुहेरी चूक. एवढ्या शब्दांत महिला टेनिसची बातमी बसते. जानेवारीत ऑस्ट्रेलियातली स्पर्धा सुरू झाली की रोज संध्याकाळी ती बसवणे माझे काम असते.

'दोनदा सर्व्हिस गमावूनही अव्वल खेळाडू पुढील फेरीत' हे शीर्षक मी दिले तेव्हा त्यात काही खटकले नाही. दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुटी होती. मोर्शीच्या संत्र्यांची पिशवी घेऊन मी सकाळच्या गाडीने अकोल्याला ताईकडे गेले. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. नुकतेच तिच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. काळा चष्मा लावून ती दारातल्या उन्हात बसली होती. पेपर सून वाचून दाखवायची.

"आली का? बरं झालं. थ्या पोरीचं काय झालं वो?"

"कोणत्या पोरीचं?"

"तुयाच पेपरात हाये. एक नंबरची पोरगी म्हनते, अन् दोनदा सर्विस गेली थिची. काहून गेली? अन् दोनदा जाऊनही थिले ठेवलं कोनं?"

वऱ्हाडात सर्विस म्हणजे नोकरी. मुलाला सर्विस लागते, जावई सर्विसवर असतो, निवृत्त माणूस सर्विसमधून सुटतो. चेंडू उडवून मारण्याला सर्विस म्हणतात हे ताईला कोणी सांगण्याचे कारणच पडले नव्हते. मी खुलासा करण्याआधी स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. सून हसत होती. हसत हसतच ती चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आई, नोकरी नाही गेली तिची. चेंडू गेला."

"मंग तसं लिवा ना," ताई मला म्हणाली. "लोकाइच्या पोरी कामावरून काढता फुकटच्या."

सुनेला हसू येईल असे त्या घरात त्या दिवसांत फारसे काही घडत नव्हते. ती बाळापूरच्या एका खासगी शाळेत खेळाची शिक्षिका. शिक्षण अमरावतीचे; तिथल्या मुरमाच्या मैदानावर ती स्वतः टेनिस खेळलेली. मुलगी झाल्यावर ती रजेवर गेली, रजा वाढवली, पुन्हा वाढवली. मुलगी आता रांगत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी फोन करून सांगितले होते की फेब्रुवारी लागायच्या आत काय ते कळवा, नाहीतर दुसरी बाई घ्यावी लागेल. ताईचा मुलगा औषध कंपनीच्या कामाने आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. त्याचे उत्तर एकच होते: "तू अन् आई ठरवा." आणि ताईचेही एकच होते: "घरी काय कमी हाये?"

यावर भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे, असे वाटावे इतके घर शांत होते.

चहा झाल्यावर सुनेने टीव्ही लावला. ऑस्ट्रेलियात दुपार होती. इकडे ताईने आपली खुर्ची उचलायला लावली आणि टीव्हीकडे पाठ करून बसली. डॉक्टरांनी टीव्ही बघायला हरकत नाही असे सांगितले होते. पण शेजारच्या काकूंनी सांगितले होते की ऑपरेशननंतर टीव्हीकडे बघितले तर डोळ्यात पाणी उतरते. ताईने काकूंचे ऐकले.

"बघणार नाहीस तर बसतेस कशाला?" मी विचारले.

"ऐकाले काय होते? कान थोडेच कापले माये."

ती खरोखर ऐकत होती. थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "हे दुसरी होती."

"काय दुसरी?"

"पयली मारते तवा फटाका फुटल्यासारखा वाजते. थे गेली बाहेर, की दुसरी जपून मारते. आवाजच लहान येते."

सुनेने मुलीला मांडीवर घेऊन मान डोलावली. "दुसरीही चुकली तर गुण जातो, आई. म्हणून जपून. पण ज्या खऱ्या वरच्या नंबरच्या आहेत ना, त्या दुसरीही जोरातच मारायला शिकल्यात आता. भीत नाहीत."

"म्हनजे दोन मोके भेटतात."

"हो. दोन."

"बरं हाये त्याइचं."

पुढचा अर्धा सामना ताई निकाल देत बसली. पहिली, दुसरी, जाळीत. मी पडद्यावर ताडून पाहत होते. ती काही वेळा चुकली, पण अधिक वेळा बरोबर निघाली. तेवढ्यात एका खेळाडूने सर्व्हिस गमावली. समालोचकाचा आवाज चढला.

"गेली?" ताईने विचारले.

"गेली," सून म्हणाली.

"आता काय करते मंग बिचारी?"

"काही नाही करत. आता समोरची सर्विस करेल. तो गेम संपला की पुन्हा हिची." सुनेने मांडीवरच्या मुलीचे झबले नीट केले. आवाज तिने चढवला नाही. "त्यांची गेलेली सर्विस परत येते, आई. मागावीही लागत नाही. माझी गेली तर नाही यायची."

टीव्हीवर चेंडू वाजत राहिला. ताईने बऱ्याच वेळाने विचारले, "स्कोर काय झाला?" सुनेने स्कोर सांगितला.

दुपारी सून धुतलेले कपडे घेऊन गच्चीवर गेली. मुलगी झोपली होती. ताई संत्रे सोलत होती, बोटांनी चाचपून एकेका फोडीचा पांढरा धागा काढत होती. ती मला म्हणाली, "तुले वाटत असंन मी सासूपना करून राहिली."

"मला काही वाटत नाही. तू सांग."

"मले दिसत नाई वो नीट. ऑपरेशनच्या पयले तं पुरं धुकं होतं. पोरीनं तोंडात काही घातलं तं? एखांदा शेंगदाना, बटन? सून बाळापुरात, पोरगा दौऱ्यावर. मी काय करू?"

"ऑपरेशन झालंय ना आता. दिसतं की नाही?"

"काय माहीत. चष्मा काळा हाये, बाहेर पायतच नाई मी जास्त. दिसलं नाई तं?"

मला समजायला क्षणभर लागले. तिने अजून नीट बघूनच पाहिले नव्हते. ऑपरेशन फसले असेल या भीतीने ती टीव्हीकडे, रस्त्याकडे, नातीकडेही डोळे भरून बघण्याचे टाळत होती. शेजारच्या काकूंचा सल्ला तिला सोयीचा होता.

"हे सुनेला सांग," मी म्हणाले.

"काय सांगू? सासू आंधळी हाये म्हनून? घरी काय कमी हाये, हे म्हनाले सोपं जाते. अन् तू पन सांगू नको."

मी सांगितले नाही. संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्व्हिस राखण्या-गमावण्याच्या बातम्या लावल्या. एवढा बदल झाला, की शीर्षकात तो शब्द लिहिताना हात थांबायचा. सहकाऱ्याला मी हा किस्सा सांगितला. तो हिवरखेडचा. म्हणाला, "आमच्या गावात तर हेडिंग वाचून लोकं थिच्यासाठी जागा शोधतीन."

पुढच्या सुटीला मी पुन्हा अकोल्याला गेले. महिना संपत आला होता. सुनेने शाळेला अजून काही कळवले नव्हते. ताई तशीच पाठ करून बसलेली, आणि मुलगी तिच्या खुर्चीभोवती रांगत होती.

त्या दिवशीच्या सामन्यात खेळणारी एक खेळाडू आई होती. बाळंतपणानंतर परतलेली. आजच्या आघाडीच्या टेनिसमध्ये ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. मी ताईला नियम सांगितला: बाळंतपणासाठी खेळाडू थांबली तर परत येताना काही स्पर्धांत तिला जुन्या क्रमांकावर प्रवेश मिळतो.

"म्हनजे जागा राखून ठेवतात?"

"काही काळ. मग तिचं तिला खेळून दाखवावं लागतं."

"थे तं लागनच," ताई म्हणाली. "खेळून राहिली कशी?"

"चांगली," सून म्हणाली. "दुसरीही जोरात मारून राहिली."

ताईने ऐकले. मग विचारले, "अन् लेकरू कोनाजवळ हाये थिचं?"

नेमका त्याच वेळी कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. पांढऱ्या केसांच्या एक बाई दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सून म्हणाली, "हे काय, दाखवून राहिले. एका आजीजवळ आहे."

ताई वळली. आधी मान, मग सगळीच. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. तिने काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे बारीक केले.

"थ्या लेकराच्या कानाले काय लावलं हाये हिरवं हिरवं?"

मूल लहान होते, पडद्याच्या एका कोपऱ्यात होते. मलाही ते दिसले नव्हते. पुन्हा पाहिले तेव्हा दिसले: गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून मुलांच्या कानांवर लावतात ती झाकणे. हिरवी.

सून आधी पडद्याकडे, मग सासूकडे बघत राहिली. "आई, तुम्हाला दिसलं?"

"दिसलं ना." ताईचा स्वर असा, की जणू कोणी शंका घेतली होती. तिने टीव्हीवरची नजर काढून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेली, तिथून दाराबाहेर, तिथून खाली. मुलगी खुर्चीच्या पायाशी चपलेचा बंद तोंडात घालत होती. ताई वाकून म्हणाली, "ए चोट्टे, टाक थे," आणि बंद काढून घेतला.

"थे बाई कोन होती?" तिने मग विचारले. "आई का सासू?"

समालोचकाने सांगितले नव्हते. मला माहीत नव्हते, आणि मी तसे म्हणाले.

"सासूच असंन," ताई म्हणाली. "आईच्या मांडीवर लेकरू असं निवांत बसत नाई."

"असं काही नसतं, आई."

"तू चूप बस. शाळेत फोन केला का?"

सुनेने टीव्हीचा आवाज कमी केला.

"का मी करू? मले येत नाई त्या बाईशी इंग्रजी बोलता."

"मराठीच बोलतात त्या."

"मंग कर ना. सामना काय, मी पायतो."

सून फोन घेऊन अंगणात गेली. आतून तिचे शब्द ऐकू येत नव्हते. आवाज तेवढा येत होता, आणि तो हळूहळू मोठा होत गेला. ताईने मला कपाटातला डबा काढायला लावला. त्यात बारशाला आलेले घुंगरांचे वाळे होते. ते टोचतात म्हणून मुलीला घातले जात नव्हते.

"दिसते तं दिसते," ती म्हणाली, "पन मागं गेली तं ऐकू आलं पायजे. घाल थिले."

ती खेळाडू तो सामना हरली. दुसऱ्या दिवशी मी बातमी लावली तेव्हा ती दोन वाक्यांत बसली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसला निघण्यापूर्वी ताईला फोन केला.

"सर्विसवर गेली का ती?"

"कवाची. बाळापूरच्या गाडीत बसून फोन केला थिनं. पोचल्यावर पुन्हा केला. आता मधल्या सुटीत करंन. शिकवाले गेली का फोन कराले गेली, काय माहीत."

"आणि तुझं कसं चाललंय?"

"मायी पन सर्विस सुरू झाली ना. दूध दिलं तं सांडवलं. पुन्हा दिलं, पुन्हा सांडवलं."

"म्हणजे दुहेरी चूक."

"मायी नाई, थिची. मी तं बिनतोड हावो."

मागे वाळे वाजत होते, जवळच. मग आवाज लांब जाऊ लागला.

"थांब," ताई म्हणाली, "पलंगाखाली चालली."

तिने फोन ठेवला नाही, नुसता बाजूला टाकला. मी बराच वेळ ऐकत राहिले. वाळे थांबले, खुर्ची सरकली, आणि ताईचा आवाज आला, "दिसली, दिसली, लपू नको."