माझं एक वर्ष, तिचं एक वर्ष

त्या दिवशी घरी कोण कोण होतं, ते पयले सांगतो. सासू ओसरीत खाटेवर होती. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, बैलाचा दोर वळून राहिले होते. मोठी जाऊ होती. तिची बहीण सावरगावहून दोन दिवसांसाठी आली होती. माझा नवरा कापसाच्या गाडीसंग मागून आला, म्हणून त्याले मी धरत नाही. बाकी चौघं होते. नावं घेत नाही, नात्यानंच सांगतो. ज्याले वळखाचं तो वळखन.

मी कापूस येचून आली. ओटी सोडली अन् हातपाय न धुता मागच्या वाफ्याकडं गेली. रोज तसंच करत होती. वाफ्यात जिकडं तिकडं प्लास्टिकच्या पन्नीच्या पट्ट्या पडल्या होत्या. माझे दोनशे डोळे उघडे होते.

ज्याले संत्र्याचं माहीत नाही त्याले सांगतो. जंबेरी म्हणजे आंबट जंगली लिंबू. त्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं का चाकूनं सालीले चिरा द्याचा अन् चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा, जिथून कोंब फुटते थो बारकासा तुकडा, आत सरकवाचा. वरून पन्नीची पट्टी घट्ट बांधाची. मंग वीस दिवस हात लावाचा नाही. त्याच्या आंधी उघडला तं वारा लागून डोळा मरते. माझे बांधून नऊ दिवस झाले होते.

अन् हे काम मनात आलं तवा होत नाही. कापूस येचाच्याच दिवसात साल सुटते. मंग साल लाकडाले चिपकते अन् वर्ष जाते.

"कोणं सोडल्या?" मी विचारलं.

"मीनं," जाऊ म्हणे. "गुंडाळून ठेवलं तं जीव कोंडून राहिला होता रोपाचा."

पंचवीस वर्षं संत्र्याच्या घरात नांदली होती ती. तिले माहीत नव्हतं, असं कोणी मले सांगू नये.

भासरे दोरावरून मान वर न करता म्हणे, "बाईच्या हातचं कलम. धरलं असतं तरी आंबटच निघालं असतं."

जावेची बहीण हासली. सासू कूस बदलून झोपली. मी पट्ट्या येचल्या, धुतल्या, दोरीवर वाळू घातल्या. मंग पोरं अन् गडी धरून नऊ माणसाच्या भाकरी टाकल्या.

सांजच्याले नवरा म्हणे, "जाऊ दे न. पुढच्या साली बांधजो."

मी म्हटलं, "वर्ष म्हणजे का शिळी भाकर हाये, उरली तं उद्या खाऊ?"

थो बैलाले चारा टाकाले उठला. थो बिचारा चूप बसणाराच होता.

वर्ष काहून इतकं भारी, ते बी सांगतो. झाडाची जमीन सारी भासऱ्यांच्या हाती होती. आमच्या वाट्याले बरडाचा, गोट्या-मुरमाचा तुकडा. सासूचं म्हणणं असं का बरडावर बगीचा उभा करान तं वेगळी चूल मांडा, नाही तं याच चुलीवर राहा. याच चुलीवर म्हणजे जावेच्या हाताखाली. दुसऱ्याची रोपं घ्याची तं ऐपत नव्हती. डोळा बांधाचं मले बापानं शिकवलं होतं. माझं माहेर बोरगावकडचं, बाप जलमभर रोपवाटिकेत डोळे बांधत होता. सासरी मातर बाईनं कलमेचा चाकू धराचा नाही, अशी चाल. माहा चाकू पाहून सासूनं तीन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

मी भांडली नाही. भांडाले बी वेळ लागते, अन् मले वेळ पाह्यजे होता.

येड्यासारखी कामं होती. पाणी, शेण, सडा, नऊ माणसं, कापूस, भासऱ्यांचं आंघोळीचं पाणी दोनदा तापवाचं, कारण पयलं थंडं होत पावतर ते उठतच नव्हते. दुपारी जरा टेकली का जाऊ सूप पुढं सरकवे, "तुरीची दाळ निवड व, खडे हायेत." मी निवडो. चार दिसानं पुन्हा दाळ, पुन्हा खडे.

एकदा निवडता निवडता माझ्या मनात शंका आली. मी तीन लाल गुंजा दाळीत टाकून दिल्या अन् डबा भरून देल्ला. चार दिसानं सूप आलं. तिन्ही गुंजा माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या. तीच दाळ! निवडलेली दाळ ती मूठभर खडे टाकून मले परत देत होती. माझ्या दुपारी खाऊन राहिली होती ती, सुपानं.

मी गुंजा तशाच ठेवल्या. कोणाले सांगितलं नाही. त्या दिवसापासून सूप मांडीवर घेवो, हातानं दाळ हालवून आवाज करो, अन् मनातल्या मनात चाकू फिरवो. जंबेरीच्या फांद्या पदरात आणो अन् सुपाच्या आडून चिरा द्याचा सराव करो. जाऊ आतून विचारे, "झालं का व?" मी म्हणो, "खडे लय हायेत बाई." खडे तं होतेच, तिनंच टाकले होते.

मंग मी दुसरं केलं. दर आठवड्याले एक काम सोडून पाहिलं, कोण बोंबलते ते पाहाले. दुपारचा झाडू सोडला, कोणी बोललं नाही. पितळेचे लोटे रोज चिंचेनं घासत होती, चार दिवसाआड घासले, कोणाले कळलं नाही. भासऱ्यांचं दुसरं पाणी सोडलं, ते लय बोंबलले, तं पुन्हा चालू केलं. असं करत करत मले कळलं का माझ्या कामातलं कोणतं काम कामासाठी हाये अन् कोणतं मले बसू न देण्यासाठी. दुसऱ्या जातीचं जेवढं होतं तेवढं सोडलं. शनिवारी जाऊ जामसांवलीले दर्शनाले जाये, तवा पुरी दुपार भेटे. मारुतीचे माझ्यावर उपकार हायेत, पण ते तिच्या हातानं झाले, हे तिले माहीत नाही.

दुसऱ्या हिवाळ्याले मी वाफा बरडावर केला, बाभळीच्या काट्याचं कुंपण घातलं. रोज दुपारी दोन तास बांधो. अर्धे झाले होते तवा जाऊ कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"चाल घरी. पाहुणे आले. पुरण शिजवाचं हाये."

"हात गुंतले बाई."

"दहा माणसं बसली व तिथं!"

"तुमी हायेत न. हातात बांगड्याच हायेत ना तुमच्या, बेड्या तं नाहीत."

"माय व! जीभ फुटली हिले," ती म्हणे. "तुह्या नवऱ्याले सांगतो."

"सांगा. थो बी पट्ट्या धरूनच बसला हाये, पाहा."

नवरा खरंच रोपामागं बसून पट्ट्या फाडून राहिला होता. मान वर केली नाही त्यानं, पण पट्ट्या फाडणं सोडलं नाही. त्याची एवढी एकच गोष्ट मी जलमभर मनात धरून ठेवली.

पाहुण्यांनी त्या दिवशी वरणभात खाल्ला. घरी लय गोंधळ झाला. सासू म्हणे, घराची लाज घालवली. मी भाकरी टाकत होती, टाकत राहिली. एकवीस दिसानं पट्ट्या सोडल्या. डोळा हिरवा राहिला तं धरला, काळा पडला तं मेला. चार-दोन वाफ्याच्या कडेचे सोडले तं सारे हिरवे. त्यातलेच बरडावर लावले अन् त्याच साली वेगळी चूल मांडली. चुलीत पयला जाळ केला तवा मी रडली नाही. धूर होता, त्याचं पाणी आलं असन.

मंग सात-आठ वर्षं गेली. माझा बगीचा फळावर आला. पांढुर्ण्याचे लोक रोपं मांगाले याले लागले, म्हणून मी दर साली वाफा लावो. अन् भासऱ्यांच्या झाडाले डिंक्या लागला. बुडापासून डिंक गळे अन् झाड उभंच सुके. त्यांना नवीन रोपं लागत होती, अन् रोपवाटिकेतून आणलेली दोनदा फसली. जावेनं मोबाईल केला. मंग सवताच आली.

"आपल्या चांगल्या झाडाच्या काड्या आणल्या. तेवढे डोळे बांधून दे व."

मी तिले खुर्ची देल्ली. कपबशीत चहा देल्ला, साखर बरोबर. अन् म्हटलं, "आज सवड नाही बाई. कापूस घरात पडला हाये."

दुसऱ्या दिवशी आली. "आज सवड नाही बाई. माझ्या माहेरचे येऊन राहिले." तिसऱ्या दिवशी आली. "आज दाळ निवडाची हाये." ती माझ्याकडं पाहातच राहिली. मी बी पाहिलं. तवा तिले समजलं. अकरा दिवस आली. अकरा चहा पेली. दर खेपी ओल्या फडक्यात नवीन काड्या, दर खेपी तशाच परत.

बाराव्या दिवशी मी चाकू घेतला, तिच्यासमोर रोपाले चिरा देल्ला.

"पाहा बाई, साल सुटत नाही आता. पुढच्या साली बांधू."

पुढच्या साली बांधून देल्ले. दोनशे. मोजून. एक बी खराब नाही, माझ्या बापाचं नाव हाये त्या कामात. तिनं माझं एक वर्ष घेतलं, मी तिचं एक घेतलं. जास्त घेतलं नाही.

माझी सून म्हणते, "आत्या, आता सोडा न. म्हातारी झाली ती." म्हातारी तं मी बी झाली. मले वाईट वाटत नाही. वाटन म्हणून वाट पाहिली, वाटलं नाही.

पण आता ती लग्नामुंजीत लोकांना सांगत सुटली हाये का हिले कलम मीनंच शिकवलं, माझ्या घरात शिकली ती. तेवढ्यासाठी हे लिहून राहिली मी. मी चवथीपावतर शिकली, ती तेवढी बी नाही. तवा हे वाचणाऱ्याले एकच मांगणं हाये. तुमाले ती कोण हे वळखू आलं तं तिच्या घरी जा अन् हे पुरं वाचून दाखवा. डाव्या कानानं ऐकू येत नाही तिले, उजव्या बाजूले बसा अन् मोठ्यानं वाचा.