मुका माज

सुरतजवळ कडोदऱ्याला घरामागे पत्रे टाकून आम्ही दोन गाई बांधल्या होत्या, एक गीर आणि एक होल्स्टिन संकरित. नवरा कापडाच्या लूमवर कामाला. गाईंचा कारभार जेठांकडे, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाकडे. धारा, शेण, वैरण माझ्याकडे.

संकरित गाय गीरच्या दुप्पट दूध द्यायची. गिऱ्हाईक तिच्यावरच टिकलेलं. पण व्याल्यावर ती पुन्हा गाभण राहीना. जेठ म्हणाले, "या उन्हाळ्यात राहिली नाही तर विकू. भाकड जनावर पोसायला आपण काय शेठ आहोत?"

सुरतेचा दमट उकाडा तिला सोसत नसे, हे खरं. पण खरी अडचण वेगळी होती. गीर माजावर आली की हंबरून गल्ली डोक्यावर घ्यायची, मग जेठ स्वतःच कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरला फोन करायचे. संकरितचा माज मुका. वैरण थोडी टाकायची, शेपटीला चिकट धार दिसायची, तीही थोडा वेळ. ते दिसणार मला, धार काढताना. आणि आमच्या खानदेशी घरात सुनेनं जेठासमोर तो शब्द काढायचा नाही. मी सासूला सांगायचं, सासूनं नवऱ्याला, नवऱ्यानं पाळीवरून आल्यावर भावाला. मी एकदा डॉक्टरलाच फोन केला, तर तो म्हणाला, "मोटाभाईने कहो, ए फोन करे." मोठ्या भावाला सांगा, ते करतील. तो यायचा तेव्हा माज ओसरलेला असायचा. "मोडुं थई गयुं, बेन." उशीर झाला, एवढं गुजराती मला येतं.

मे महिन्यात एका सकाळी पुन्हा ती धार दिसली. जेठ ओट्यावर चहा पीत होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगितलं, "दादा, गाय माजावर आहे. आजच डॉक्टर बोलवा."

जेठांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि फोन न करताच पलसाण्याला निघून गेले.

सासू म्हणाली, "लाज विकून खाल्ली का? जा आता, तूच शोध वळू."

"वळू नाही लागत, आत्या. फोन लागतो."

फोन दुसऱ्या दिवशी लागला. डॉक्टर आला, पुन्हा "मोडुं थई गयुं" म्हणाला, हात धुऊन गेला. पावसाआधी गाय विकली.

घेणाऱ्याकडे ती दिवाळीच्या आत गाभण राहिली, हे डॉक्टरनंच सांगितलं. तिथे गोठा बाई बघते आणि फोनही तीच करते. जेठ म्हणाले, जागा बदलली की होतं तसं.

आमच्याकडे आता दोन्ही गीर आहेत. दूध पुरत नाही म्हणून निम्मी गिऱ्हाइकं तुटली. संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्यांना जेठ सांगतात, "संकरितच्या नादी लागू नका. दूध देते, पण गाभ धरत नाही. आम्ही अनुभव घेतलाय." सगळे माना डोलावतात. मी आतून चहा पाठवते.